आधी पट्टी वाचा, मग टेबल मांडा

बी.सी.ए., बी.एस्सी. (ईसीएस) किंवा इंजिनिअरिंगला डेटाबेस हा विषय सुरू झाला की बहुतेक विद्यार्थी पहिल्या आठवड्यापासून एसक्यूएलच्या कमांड पाठ करायला लागतात. क्रिएट टेबल, इन्सर्ट, सिलेक्ट, अपडेट. कमांड चालली, स्क्रीनवर ओळी उमटल्या की विषय जमला असं वाटतं. प्रॅक्टिकलचे मार्कही पडतात. मग प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक एक साधा प्रश्न विचारतात, "हे टेबल वेगळं का केलंत?" आणि गाडी तिथेच अडते.

हा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे. कमांड दोन महिन्यांत येतात आणि विसरल्या तरी मॅन्युअलमध्ये सापडतात. पण समोरचा व्यवहार समजून घ्यायचा, त्यातली प्रत्येक गोष्ट एकदाच आणि तिच्या जागी लिहायची, ही सवय सरावानेच लागते. तो सराव कॉम्प्युटर सुरू करण्याआधी, कागदावर करायचा असतो. सोलापूरच्या विद्यार्थ्याला त्यासाठी लांब जावं लागत नाही. बाजार समितीतली कांद्याची पट्टी, घरच्या कपाटातला सातबारा, साखर कारखान्याची उसाची वजनपावती, शहराच्या पूर्वभागातल्या लूम कारखान्याचं मजुरीचं रजिस्टर, हे सगळे चालते-बोलते डेटाबेस आहेत. पाठ्यपुस्तकातल्या 'एम्प्लॉयी' आणि 'डिपार्टमेंट'पेक्षा ते तुम्हाला जास्त शिकवतील, कारण त्यातला प्रत्येक रकाना का आहे हे सांगणारा माणूस तुमच्या ओळखीत असतो.

विषयाचं मूळ

१९७० साली आय.बी.एम.च्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतले गणिती एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तोपर्यंत मोठ्या कंपन्यांची माहिती एकाखाली एक अशा उतरंडीत किंवा दुव्यांच्या जाळ्यात ठेवली जायची. माहिती काढायची तर ती डिस्कवर कुठे आणि कुठल्या वाटेने गेल्यावर सापडते, हे प्रोग्रॅमला ठाऊक असावं लागायचं. वाट बदलली की प्रोग्रॅम मोडायचा. कॉड यांचं म्हणणं असं की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, तक्त्यांची नाती समान मूल्यांवरून जोडा, आणि 'काय हवं' एवढंच सांगा. 'कुठून आणायचं' ते यंत्रणा बघेल. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आजच्या एसक्यूएलची पहिली आवृत्ती मांडली. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी एंटिटी-रिलेशनशिप आकृतीची पद्धत दिली. कॉड यांना १९८१ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तुमच्या अभ्यासक्रमाची पहिली तीन प्रकरणं म्हणजे या तीन कामांचाच विस्तार आहे. म्हणून ती 'थिअरी' समजून उडवू नका.

एक पट्टी समोर ठेवा

सोलापूरच्या सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीत हिवाळ्यात कांद्याची मोठी आवक होते. शेतकरी माल घेऊन आडत्याच्या गाळ्यावर येतो, लिलाव होतो, वजन होतं आणि शेवटी त्याच्या हातात पट्टी पडते. पट्टीवर साधारण काय असतं? पट्टी क्रमांक, तारीख, शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाइल. मग मालाचे तपशील: कांद्याची प्रत, पिशव्या, वजन, दर, रक्कम, खरेदीदार. त्याखाली कपात: हमाली, तोलाई, मोटारभाडे, आधी घेतलेली उचल. सगळ्यात खाली निव्वळ रक्कम.

अशा महिनाभराच्या पट्ट्या एक्सेलच्या एकाच शीटमध्ये भरायच्या ठरवल्या तर काय होईल, याचा शांतपणे विचार करा. एका शेतकऱ्याचा माल एकाच दराने जातो असं नाही. मोठा कांदा एका दराने, मध्यम दुसऱ्या, गोल्टी म्हणजे बारीक कांदा तिसऱ्या; खरेदीदारही वेगवेगळे. मग 'वजन १', 'वजन २', 'वजन ३' असे रकाने करणार का? चौथी प्रत आली की काय? त्याऐवजी प्रत्येक प्रतीची वेगळी ओळ केली, तर शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाइल प्रत्येक ओळीत पुन्हा लिहावं लागेल. त्याने मोबाइल बदलला की चाळीस ओळी दुरुस्त करायच्या आणि एक जरी राहिली तरी खरा नंबर कुठला हे कळायला मार्ग नाही. नवा शेतकरी नाव नोंदवून गेला पण माल अजून आला नाही, तर त्याला शीटमध्ये जागाच नाही. आणि एखाद्याची एकमेव पट्टी चुकीची म्हणून काढून टाकली, तर तो शेतकरीही पुसला जातो.

पुस्तकात याच तीन अडचणींना अपडेट, इन्सर्शन आणि डिलिशन अनॉमली म्हणतात. व्याख्या पाठ करण्याआधी त्या स्वतःच्या शीटमध्ये घडवून बघा. मग त्या परीक्षेत आठवाव्या लागत नाहीत.

वस्तू कुठल्या, नाती कुठली

आता वहीत आकृती काढा. पट्टीवरच्या प्रत्येक शब्दासमोर लिहा: ही स्वतंत्र वस्तू आहे, कुठल्या वस्तूचा गुण आहे की दोन वस्तूंमधलं नातं आहे? शेतकरी, गाव, खरेदीदार, पट्टी या स्वतंत्र वस्तू. मोबाइल हा शेतकऱ्याचा गुण. एका लिलावात एका दराने गेलेला एका प्रतीचा माल म्हणजे वक्कल. ते पट्टीचं पोट आहे: एका पट्टीत अनेक वक्कलं, पण एक वक्कल एकाच पट्टीतलं. कपातही तशीच, एका पट्टीला अनेक.

'अनेकांचं अनेकांशी' नातं विद्यार्थ्यांना सगळ्यात जड जातं. ते समजून घ्यायला सातबारा घ्या. एका गटात भाऊ-भाऊ मिळून चार खातेदार असतात आणि त्यातल्या एकाची जमीन गावातल्या आणखी दोन गटांतही असते. गटाच्या टेबलात खातेदारांची नावं कोंबून चालत नाही आणि खातेदाराच्या टेबलात गट नंबर कोंबूनही चालत नाही. मध्ये तिसरं टेबल लागतं: कुठला गट, कुठला खातेदार, क्षेत्र किती. ते क्षेत्र गटाचं नाही आणि खातेदाराचंही नाही, त्या दोघांच्या नात्याचं आहे. हे एकदा ध्यानात आलं की 'विद्यार्थी आणि विषय', 'डॉक्टर आणि पेशंट' ही पुस्तकातली सगळी उदाहरणं सोपी होतात.

आणखी एक गोष्ट बघा. गाव नमुना सात एका जमिनीचे खातेदार दाखवतो आणि आठ-अ एका खातेदाराच्या गावातल्या जमिनी दाखवतो. माहिती तीच, बघायची बाजू वेगळी. डेटाबेसमध्ये अशा दोन बाजूंसाठी माहिती दोनदा साठवत नाहीत. मूळ नोंद एकच ठेवतात आणि दुसरी बाजू 'व्ह्यू' करून दाखवतात.

ओळख कशावरून पटवायची

प्रायमरी की निवडताना स्वतःला विचारा: ही गोष्ट कधी बदलेल का? कधी दोघांची सारखी असेल का? कधी नसेलच का?

नाव चालणार नाही, हे सगळ्यांनाच कळतं. मोबाइल? एका घरात तिघांच्या पट्ट्यांवर एकाच मुलाचा नंबर असतो, म्हणून तोही बाद. गावाचं नाव? वडगाव, पिंपरी, बोरगाव अशी एकाच नावाची गावं कितीतरी. म्हणून तर जमिनीची ओळख नुसत्या गट नंबरावर पटत नाही. जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर मिळून पटते. संयुक्त की, म्हणजे कंपोझिट की, याहून चांगल्या उदाहरणाने समजणार नाही.

नावं बदलतातही. २०१४ मध्ये कर्नाटकाने विजापूरचं विजयपूर आणि गुलबर्ग्याचं कलबुर्गी केलं. २०२३ मध्ये उस्मानाबाद धाराशिव झालं. २००४ साली स्थापन झालेलं आपलं सोलापूर विद्यापीठ २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. जिल्ह्याचं नाव प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळीत लिहिलं असेल, तर अशा दिवशी हजारो ओळी बदलाव्या लागतात. जिल्ह्याचं वेगळं टेबल असेल आणि शेतकऱ्याच्या गावाकडून फक्त जिल्हा क्रमांक (फॉरिन की) त्याला जोडलेला असेल, तर एक ओळ बदलली की काम झालं.

सोलापूर जिल्ह्याचे अकरा तालुके यादीत टाकून मोकळे होऊ नका. या बाजारात धाराशिवहून आणि कर्नाटकातूनही कांदा येतो. मांडणी करताना 'आज समोर काय आहे' याच्यासोबत 'या दारातून आणखी कोण येऊ शकतं' हेही विचारायचं.

नॉर्मलायझेशन, त्याच पट्टीवर

विद्यार्थी नॉर्मल फॉर्मच्या व्याख्या घोकतात आणि ए, बी, सी, डी अक्षरांवर गणितं सोडवतात. ती सोडवाच, पण त्याआधी पट्टी पायरी-पायरीने मोकळी करा.

पहिला नॉर्मल फॉर्म: एका चौकटीत एकच मूल्य. 'मोठा, मध्यम, गोल्टी' असं एकाच चौकटीत लिहिलेलं असेल तर प्रत्येक वक्कलाची वेगळी ओळ करा. आता ओळीची ओळख 'पट्टी क्रमांक आणि वक्कल क्रमांक' या जोडीने पटते.

दुसरा: जी माहिती या जोडीतल्या अर्ध्याच भागावर ठरते ती बाहेर काढा. वजन आणि दर ठरायला दोन्ही क्रमांक लागतात. तारीख आणि शेतकरी मात्र नुसत्या पट्टी क्रमांकावरून ठरतात. ते पट्टीच्या टेबलात जातील.

तिसरा: की नसलेल्या रकान्यावर दुसरा रकाना ठरत असेल तर तोही बाहेर काढा. पट्टीवरून शेतकरी कळतो, शेतकऱ्यावरून गाव, गावावरून तालुका, तालुक्यावरून जिल्हा. ही साखळी तोडली की शेतकरी, गाव, तालुका, जिल्हा अशी टेबलं आपोआप उभी राहतात.

शेवटी तालुके-जिल्हे सोडून शेतकरी, गाव, खरेदीदार, पट्टी, वक्कल, कपात प्रकार आणि कपात अशी सात टेबलं हाती येतील. परीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच तयार होतं: "तालुका वेगळा केला, कारण तो गावावर ठरतो, पट्टीवर नाही."

पण तोडण्यालाही मर्यादा आहे. कांद्याच्या प्रतीचं टेबल करून त्यात 'दर' ठेवायचा मोह होईल. तसं करू नका. दर त्या दिवसाचा, त्या लिलावाचा असतो आणि त्याची जागा वक्कलाच्या ओळीत आहे. तोलाईचा दर उद्या बदलला म्हणून गेल्या वर्षीच्या पट्टीतली तोलाई बदलता कामा नये, म्हणून कपातीची रक्कमही त्या-त्या पट्टीशी साठवायची. वरवर तीच माहिती पुन्हा लिहिल्यासारखी वाटते, पण 'आजचा दर' आणि 'त्या दिवशी लागलेला दर' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पैसे, रिकाम्या जागा आणि नियम

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची पट्टी देशभर गाजली. सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा, दर किलोला १ रुपया. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता उरले २ रुपये ४९ पैसे आणि चेक मिळाला २ रुपयांचा. या बातमीमागचं दुःख शेतीचं आणि बाजाराचं आहे, ते कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून निघणार नाही. पण नोंदी ठेवायला शिकणाऱ्याने त्यातून तीन गोष्टी घ्याव्यात.

एक, पैशाचा रकाना 'फ्लोट' करू नका, 'डेसिमल' करा. फ्लोट दशांश अपूर्णांक जवळपास ठेवतो, अचूक ठेवत नाही, आणि हजारो ओळींच्या बेरजेत पैसे इकडचे तिकडे होतात. दोन, पैसे पूर्ण रुपयांत करायचे तर कधी आणि कुठल्या बाजूला, हा नियम कुणीतरी ठरवावा लागतो. तो व्यवहार करणाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. प्रोग्रॅमरने मनाने ठरवायचा नसतो. तीन, निव्वळ रक्कम उणे येणारच नाही असा 'चेक'चा नियम घालू नका. भाव पडतात तेव्हा खर्च विक्रीपेक्षा जास्त होतो आणि शेतकऱ्याला पदरचे पैसे भरावे लागतात. ती पट्टी तुमच्या डेटाबेसने नाकारली, तर खरी घटना नोंदीतून गायब होईल. याउलट 'वजन शून्यापेक्षा जास्त हवं' हा नियम जरूर घाला, कारण तिथे चूकच असणार.

रिकामी जागा, म्हणजे 'नल', हीसुद्धा काळजीने हाताळा. मोटारभाडे शून्य म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्या गाडीतून माल आणला. मोटारभाडे नल म्हणजे किती झालं ते अजून कळलेलं नाही. समजा विक्री १६,६०० रुपयांची झाली. १६,६०० मधून नल वजा केलं की उत्तर १६,६०० येत नाही, नलच येतं. कुठला रकाना रिकामा चालेल आणि कुठला 'नॉट नल' हवा, हे टेबल करतानाच ठरवा.

चालणारी पण चुकणारी क्वेरी

कमांड चुकली की एरर येते, ती दुरुस्त करता येते. भीती त्या क्वेरीची, जी विनातक्रार चालते आणि चुकीचं उत्तर देते. हे उदाहरण वहीत करून बघा.

पट्टी क्रमांक १०१ मध्ये तीन वक्कलं आहेत: मोठा ६ क्विंटल, दर १,८००, रक्कम १०,८००. मध्यम ४ क्विंटल, दर १,२००, रक्कम ४,८००. गोल्टी २ क्विंटल, दर ५००, रक्कम १,०००. एकूण १६,६०० रुपये. कपातीही तीन: हमाली १२०, तोलाई ६०, मोटारभाडे १,४२०. एकूण १,६००. निव्वळ १५,०००.

आता पट्टी, वक्कल आणि कपात ही तिन्ही टेबलं एकाच क्वेरीत जॉइन करून बेरीज घ्या. उत्तर येईल विक्री ४९,८००, कपात ४,८००, निव्वळ ४५,०००. बरोबर तिप्पट! कारण प्रत्येक वक्कलाची ओळ प्रत्येक कपातीच्या ओळीशी जोडली गेली आणि तीन गुणिले तीन, नऊ ओळी झाल्या. उपाय असा: आधी वक्कलांची बेरीज पट्टी क्रमांकानुसार वेगळी करा, कपातीची वेगळी करा, आणि मग प्रत्येक पट्टीला एकच ओळ असलेले ते दोन निकाल जोडा. जोडताना लेफ्ट जॉइन वापरा, म्हणजे एकही कपात नसलेली पट्टी गळणार नाही. आणि तिथे येणाऱ्या नलच्या जागी शून्य घ्या.

म्हणून क्वेरी शिकताना एक शिस्त पाळा. आधी प्रश्न मराठीत लिहा: "या महिन्यात बार्शी तालुक्यातून किती क्विंटल कांदा आला?", "ज्यांची यंदा एकही पट्टी झाली नाही असे शेतकरी कोण?" मग पाच-सहा ओळींच्या डेटावर हाताने उत्तर काढा. क्वेरी त्यानंतर लिहा. दोन्ही उत्तरं जुळली तरच मोठ्या डेटावर चालवा. आज क्वेरी एखाद्या एआय साधनाकडून लिहून घेणं सोपं झालं आहे. तरीही हाताने काढलेलं उत्तर जवळ असेल तरच ती बरोबर की चूक हे तुम्हाला सांगता येईल.

सगळं किंवा काहीच नाही

ट्रान्झॅक्शन हे प्रकरण सेमिस्टरच्या शेवटी घाईत उरकलं जातं. त्याला वेळ द्या. शेतकऱ्याच्या पट्टीतून ५,००० रुपये उचल वळती करायची आहे. पट्टीत कपात लिहिली आणि उचलीच्या खात्यात जमा लिहिण्याआधी वीज गेली, तर त्याचे पैसेही कापले गेले आणि कर्जही तसंच राहिलं. या दोन नोंदी एकत्र बांधायच्या: दोन्ही झाल्या तर 'कमिट', एक जरी अडली तरी 'रोलबॅक'. लॅबमध्ये मुद्दाम मधेच कनेक्शन तोडून बघा आणि टेबलात काय उरतं ते तपासा. मायएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट सुरूच असतं. स्टार्ट ट्रान्झॅक्शन लिहिलं नाही तर प्रत्येक कमांड एकेकटी कायम होते, हे विसरू नका.

महसूल खात्याची रीत इथेही शिकवते. जमिनीचा व्यवहार झाला की तलाठी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, आणि मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केल्यावर सातबाऱ्यावर अंमल होतो. जुन्या खातेदाराचं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. घडामोडींची वही वेगळी आणि आजची स्थिती वेगळी. स्थिती बदलायची तर आधी वहीत नोंद. आणि जुनं पुसून टाकायचं नाही. तुमच्या प्रोजेक्टमध्येही चुकीची पट्टी 'डिलीट' करू नका. तिला 'रद्द' असा शेरा द्या. कुणी, केव्हा आणि का रद्द केली ते लिहा आणि नवी पट्टी करा.

नावं मराठीत नीट साठवा

सोलापूर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्यांचं शहर आहे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन भाग सक्तीचे केलेत तर काहींची नावं त्यात बसणार नाहीत. पूर्ण नावाचा एक रकाना सक्तीचा ठेवा, बाकीचे ऐच्छिक. देवनागरी आणि रोमन अशी दोन्ही रूपं ठेवलीत तर शोध सोपा होईल, कारण एकच आडनाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलं जातं.

देवनागरीसाठी डेटाबेसचा कॅरॅक्टर सेट 'यूटीएफ-८ एमबी-४' ठेवा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. जुन्या ऑफिसांमधल्या फाइली बऱ्याचदा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या स्क्रीनवर मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरांची सरमिसळ असते आणि शोधात काही सापडत नाही. तसा डेटा मिळाला तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मगच टेबलात भरा.

साधनं आणि पुस्तकं

लॅबमध्ये बहुधा मायएसक्यूएल, मारियाडीबी किंवा ओरॅकल असेल. घरी लॅपटॉप जुना असेल तर एसक्यूलाइट पुरेसं आहे. एका फाइलमध्ये सगळा डेटाबेस मावतो आणि ते फुकट आहे. त्यात एक गोष्ट लक्षात ठेवा: फॉरिन कीची तपासणी मुळात बंद असते, प्रत्येक कनेक्शनला ती सुरू करावी लागते. मायएसक्यूएलमध्ये ८.०.१६ आधीच्या आवृत्त्या 'चेक'चा नियम वाचतात पण पाळत नाहीत. नियम घातला म्हणजे तो लागू झाला असं समजू नका. मुद्दाम चुकीची ओळ घालून तो अडवतो का ते बघा. काटेकोर शिकायचं असेल तर पोस्टग्रेसएसक्यूएल उत्तम.

पुस्तकांत सिल्बरशाट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचं 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स' घ्या, यातले एस. सुदर्शन आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. आकृत्या आणि नॉर्मलायझेशनसाठी एलमास्री आणि शामकांत नवाथे यांचं पुस्तक जास्त समजावून सांगतं. एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरचा, प्रा. पार्थ प्रतिम दास यांनी शिकवलेला या विषयाचा पूर्ण कोर्स आहे. मराठी माध्यमातून आला असाल तर प्रत्येक संकल्पना आधी स्वतःच्या मराठीत दोन ओळींत लिहा, मग परीक्षेसाठी इंग्रजीत. मराठीत लिहिता आली नाही तर ती अजून समजलेली नाही.

सेमिस्टरची आखणी

१. पहिले दोन आठवडे: एक व्यवहार निवडा, त्याचे खरे कागद बघा, नोंदी ठेवणाऱ्या माणसाशी बोला. 'लायब्ररी मॅनेजमेंट' आणि 'हॉस्पिटल मॅनेजमेंट' सोडा. तयार प्रोजेक्ट उतरवून काही हाती लागत नाही. सांगोल्याच्या डाळिंबाचं पॅकिंग, उसाच्या तोडणीची क्रमवारी, लूमवरच्या चादरींची मजुरी, आषाढीला पंढरपुरातल्या मठातल्या खोल्यांचं वाटप, यातलं जवळचं काहीही घ्या.

२. तिसरा ते सहावा आठवडा: आकृती, की, नॉर्मलायझेशन. सगळं कागदावर.

३. सातवा ते अकरावा: टेबलं, नियम आणि क्वेरी. टेबल तयार करणाऱ्या सगळ्या कमांड एका फाइलमध्ये ठेवा, म्हणजे डेटाबेस मोडला तरी पाच मिनिटांत पुन्हा उभा राहील.

४. बारावा आणि तेरावा: व्ह्यू, इंडेक्स, ट्रान्झॅक्शन, वापरणाऱ्यांचे अधिकार. फॉर्म जोडलात तर वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर थेट क्वेरीत चिकटवू नका. 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' वापरा, नाहीतर कुणीही बाहेरून क्वेरी घुसवू शकतो.

५. शेवटचे दोन: बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर परत लावून बघा. लावून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

सरावासाठी खऱ्या माणसांचे आधार क्रमांक, मोबाइल किंवा खाते क्रमांक वापरू नका, नावंही कल्पित घ्या. २०२३ मध्ये देशात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे, पण कायदा नसता तरी कुणी विश्वासाने दाखवलेला कागद वर्गात फिरवणं बरोबर नाही.

आकृती पूर्ण झाली की शिक्षकांच्या आधी ती गाळ्यावरच्या दिवाणजींना दाखवा. चौकटींवर मराठीत नावं लिहा आणि त्यांना विचारा: "अर्धाच माल विकला गेला तर हे चालेल का? खरेदीदाराने माल परत केला तर कुठे लिहाल? दोन भावांचा माल एकाच गाडीत आला तर?" ते थांबले, विचारात पडले, म्हणाले की असंही होतं कधीकधी, तर तिथे तुमच्या मांडणीत एक टेबल किंवा एक नातं कमी आहे. ते भरून पुन्हा जा. त्यांच्या सगळ्या 'कधीकधी'ला जागा सापडली की तुमची मांडणी पक्की झाली. मग तोंडी परीक्षेत कुठल्याही टेबलावर बोट ठेवू द्या, ते वेगळं का केलं हे तुम्हाला सांगता येईल.